पद्धत शेवटी निवडा

मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवावे असा विचार करणारे आईबाप आता बेळगावच्या आसपासही भेटू लागले आहेत. कोणी बंगळूरच्या कंपनीची नोकरी घरी बसून करतो, कोणाची लष्करातली बदलीची नोकरी आहे, कोणी फी आणि दप्तर या दोन्ही ओझ्यांना कंटाळला आहे. या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. मॉन्टेसरी घ्यावी, शार्लट मेसन घ्यावी, की मुलाला सरळ मोकळे सोडावे? विचारण्याची तऱ्हा अशी, की जणू फ्रीज कोणत्या कंपनीचा घ्यायचा हे ठरवायचे आहे.

माझे म्हणणे असे की हा प्रश्न शेवटी विचारायचा आहे. गृहशिक्षण हा बारा वर्षांचा करार आहे आणि तो मागून पुढे वाचावा लागतो. अठराव्या वर्षी मूल कोणत्या दारातून बाहेर पडणार, त्या दाराशी कोणता कागद मागतात, आणि तिथवर पोचताना कोणत्या भाषा त्याच्या तोंडी बसलेल्या असल्या पाहिजेत, एवढे ठरले की पद्धत जवळजवळ आपोआप ठरते. हे न ठरवता उचललेली पद्धत दोन-तीन वर्षे छान चालते. मूल दहा-अकरा वर्षांचे झाले की घरात कुजबुज सुरू होते: आता पुढे काय?

पुण्या-मुंबईत ही चूक बरीच वर्षे झाकून राहते. तिथे घरची भाषा, रस्त्यावरची भाषा आणि सरकारी कचेरीची भाषा एकच असते किंवा एकमेकींत मिसळलेल्या असतात. बेळगावजवळच्या हिंडलग्यात तसे नाही. इथे घर मराठी, कचेरी कन्नड आणि महत्त्वाकांक्षा इंग्रजी. शाळा या तिन्हींची मोट कशीबशी बांधते. शाळा सोडली की ती बांधायचे काम आपल्याकडे येते, आणि याची जाणीव पद्धतीची पुस्तके करून देत नाहीत.

१. पद्धतींना आपापला पत्ता असतो

ज्या पद्धतींची आपण यादी करतो त्यांतली एकही हवेत जन्मलेली नाही. मारिया मॉन्टेसरींचे पहिले बालघर १९०७ साली रोममधल्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत उघडले. आईबाप कामाला गेल्यावर मोकाट सुटणारी पन्नासच्या वर मुले एका खोलीत आली, आणि लहान-मोठ्या वयाची ही गर्दीच पद्धतीचा निम्मा भाग ठरली. मोठ्याला पाहून धाकटा शिकतो, धाकट्याला दाखवताना मोठ्याचे पक्के होते. आज आपण तीच पद्धत घेतो ती एकुलत्या एका मुलासाठी, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, महागडे लाकडी साहित्य मागवून. साहित्य आले, गर्दी आली नाही.

शार्लट मेसनबाईंनी १८९२ साली इंग्लंडात अँबलसाइडला विद्यालय काढले ते घरोघर शिकवणाऱ्या शिक्षिका तयार करण्यासाठी. आईने पुस्तक वाचून घरीच सगळे करावे, ही कल्पना त्यामागे नव्हती. तिथल्या सुखवस्तू वर्गात घरी पगारी शिक्षिका ठेवण्याची रीतच होती. आणि जॉन होल्ट, ज्यांच्या नावावर मुलाला मोकळे सोडण्याचा विचार चालतो, ते स्वतः शाळामास्तर होते. मुले वर्गात का हरतात यावर त्यांनी १९६४ साली लिहिले, आणि शाळा सुधारत नाहीत असे दिसल्यावर १९७७ साली घरी शिकवणाऱ्यांसाठी नियतकालिक काढले. त्यांचा राग अमेरिकेतल्या एका विशिष्ट प्रकारच्या शाळेवर होता. जिथे पुस्तकांनी भरलेली सार्वजनिक ग्रंथालये गावोगाव होती आणि घरची भाषाच राज्याची भाषा होती, तिथे मुलाला मोकळे सोडणे म्हणजे त्याला भरल्या ताटासमोर बसवणे होते. आपण मोकळे सोडले तर मूल कशापुढे बसणार आहे, हे आधी पाहायला हवे. बहुतेक घरांत उत्तर एकच आहे: मोबाइलपुढे.

पत्ता बदलला की पद्धत कशी बदलावी हे आपल्याकडे ताराबाई मोडकांनी दाखवून दिले आहे. बालशिक्षणाचे काम करणाऱ्या गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला राहिलेल्या ताराबाई १९४५ साली बोर्डीला आल्या. मॉन्टेसरीचे साहित्य तिथे परवडणारे नव्हते, आणि मुले शाळेपर्यंत यायला तयार नव्हती. मग शंखशिंपले, बिया, पाने, खडे हेच साहित्य झाले आणि शाळाच मुलांच्या अंगणात गेली. अंगणवाडी हा शब्द आज सरकारी झाला आहे, पण तिच्या मुळाशी हा व्यवहारी शहाणपणा आहे. ताराबाईंनी आधी मुले पाहिली, मग पद्धत मोडून बसवली. घरी शिकवू पाहणारे नेमके याच्या उलट करतात.

२. रमाबाईंचे घर

मराठी माणसांतले गृहशिक्षणाचे सर्वांत झगझगीत उदाहरण शोधायला अमेरिकेत जावे लागत नाही. ते कर्नाटकातलेच आहे. अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले म्हणून भाऊबंदांशी त्यांचे वाजले, आणि त्यांनी पश्चिम घाटातल्या गंगामुळाच्या रानात संसार मांडला. तिथे १८५८ साली पंडिता रमाबाईंचा जन्म झाला. आई लक्ष्मीबाईंनी त्यांना शिकवले. भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत झाले. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी या मुलीची परीक्षा घेऊन तिला ‘सरस्वती’ म्हटले, तेव्हा तिने शाळेचे तोंड पाहिलेले नव्हते.

गृहशिक्षणाचे समर्थक इथे थांबतात. मी थांबत नाही, कारण खुद्द रमाबाई थांबलेल्या नाहीत. उतारवयात लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्यांनी घरच्या शिक्षणाचा हिशेब मोठ्या कठोरपणे मांडला आहे. आईवडिलांनी मुलांना बाहेरच्या जगाचा वारा लागू दिला नाही. संस्कृतखेरीज दुसरी भाषा शिकण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात पैसा संपला तेव्हा धर्मग्रंथांपलीकडचे काहीच ठाऊक नसल्याने पोटापुरते मिळवण्याचे एकही काम या विद्वान कुटुंबाला येत नव्हते. मजुरी जमत नव्हती, भीक मागवत नव्हती. वडील गेले, आई गेली, बहीण गेली. उरलेली भावंडे देशभर पायी हिंडली.

हे अपयश पद्धतीचे होते का? अजिबात नाही. पाठांतर, आईच्या तोंडून शिकणे, पहाटेचा अभ्यास, सगळे उत्तम होते. म्हणूनच तर कलकत्ता थक्क झाले. चुकले ते एवढेच की त्या शिक्षणाला बाहेर पडायचे दार ठेवलेले नव्हते. आपण गेल्यावर ही मुले कशावर जगतील, हा प्रश्न रानातल्या त्या घरात कोणी विचारलाच नव्हता. रमाबाईंनी तो नंतर स्वतः विचारला, आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मुलींच्या हाती अक्षराबरोबर छापखाना, विणकाम आणि शेतीही दिली. बुद्धिमान आईबापांनी प्रेमाने दिलेल्या गृहशिक्षणात काय राहून जाऊ शकते, याचे इतके नेमके टिपण मला दुसरीकडे सापडलेले नाही.

३. कायदा काय म्हणतो आणि काय म्हणत नाही

२००९चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शेजारच्या शाळेत दाखल करणे हे आईबापांचे कर्तव्य आहे, असे त्याचे दहावे कलम सांगते. या कर्तव्यात कसूर केल्याबद्दल पालकाला शिक्षा मात्र कायद्यात सांगितलेली नाही. राज्यघटनेच्या ५१अ (ट) कलमात पालकांचे जे मूलभूत कर्तव्य आले आहे, तिथे शब्द ‘शिक्षणाची संधी’ असा आहे, ‘शाळा’ असा नाही. या फटीतून गृहशिक्षण चालते. ते गुन्हा नाही आणि त्याला मान्यताही नाही.

फटीत उभे राहून बारा वर्षांचा बेत करता येतो, पण फट आहे हे विसरून करता येत नाही. याचा व्यवहारी अर्थ असा की तुम्ही घरी कितीही चांगले शिकवले तरी त्या वर्षांचा दाखला कोणी देणार नाही. त्याच कायद्याच्या चौथ्या कलमाने मोठ्या वयाच्या मुलालाही वयानुरूप वर्गात बसता येते, म्हणजे आठवीपर्यंत परतीचे दार सताड उघडे आहे. नववीपासून ते अरुंद होत जाते. म्हणून शाळेत परतण्यापुरते बोलायचे तर घरी शिकवण्याच्या पहिल्या सात-आठ वर्षांत जोखीम फारच थोडी आहे, असे मी म्हणतो. खरी जोखीम नंतरची आहे, आणि लोक घाबरतात मात्र सुरुवातीला.

४. दारापासून मागे मोजणे

आता हिशेब मांडू. हा भाग रूक्ष वाटेल, पण सगळ्या लेखात वाचकाच्या खऱ्या कामाचा हाच.

पहिले दार राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे, म्हणजे एनआयओएसचे. वयाची चौदा वर्षे पूर्ण झाली की इथे दहावीला नाव घालता येते. नोंदणी पाच वर्षे टिकते, परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, आणि दहावीचे माध्यम मराठीही घेता येते. पाच विषय, तेही आपल्या सवडीने. जेईई मेनसाठी या संस्थेची पाच विषयांसह बारावी चालते. नीटच्या बाबतीत मुक्त विद्यालयाच्या मुलांना अनेक वर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या, हेही डोळ्याआड करू नये. दुसरे दार खासगी उमेदवार म्हणून एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकच्या दहावीला, बसण्याचे. सीमेपलीकडे शिनोळीला, महाराष्ट्रात, पाय ठेवला की तिथला खासगी उमेदवारांचा सतरा नंबरचा फॉर्म प्रसिद्धच आहे.

इथवरचे सगळ्यांना माहीत असते. यापुढचे फारसे कोणी सांगत नाही. कर्नाटकातल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या सरकारी जागांसाठी जी पात्रता लागते, तिच्यातले सर्वांत सरळ कलम असे: इयत्ता पहिलीपासून दुसऱ्या पीयूसीपर्यंत, म्हणजे बारावीपर्यंत, या बारा वर्षांपैकी किमान सात वर्षे कर्नाटकातल्या मान्यताप्राप्त शाळा-महाविद्यालयांत काढलेली असावीत, आणि दहावी किंवा बारावी याच राज्यातून उत्तीर्ण केलेली असावी. आईबापांच्या शिक्षणावर आणि नोकरीवर आधारलेली इतरही कलमे आहेत, पण त्यांचा आधार प्रत्येकाला मिळेलच असे नाही. बारातून सात वजा केले की उरतात पाच. म्हणजे ज्या घराला हे दार राखायचे आहे त्याला गृहशिक्षणासाठी एकूण पाच वर्षे आहेत. पहिली ते पाचवी घरी शिकवले तर सहावीला मूल शाळेत बसलेच पाहिजे. ग्रामीण आरक्षणाचा लाभ घ्यायचा असेल तर तेवढीही सवड नाही, कारण तिथे पहिली ते दहावी अशी सलग दहा वर्षे ग्रामीण शाळेतली लागतात. हिंडलगा ग्रामपंचायतीचे गाव आहे, तेव्हा हा मुद्दा इथे केवळ कागदावरचा नाही.

मग महाराष्ट्राकडे पाहावे, तर तिथेही कागद आहेच. वादग्रस्त सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषक मुलांसाठी महाराष्ट्राच्या प्रवेशप्रक्रियेत वेगळी सोय आहे. तिची अट अशी की मूल या भागात राहणारे हवे, मातृभाषा मराठी हवी, आणि दहावी किंवा बारावी या भागातल्याच मान्यताप्राप्त संस्थेतून झालेली हवी. सीमेच्या अलीकडचे राज्य विचारते, शाळेत किती वर्षे होतास? पलीकडचे विचारते, कुठल्या शाळेतून आलास? दोन्ही राज्यांचे सत्तर वर्षांचे भांडण एका बाबतीत मात्र मिटलेले दिसते: शाळेच्या दाखल्यावरचा विश्वास.

या नियमांत वरचेवर बदल होतात, म्हणून त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी. पण तत्त्व बदलत नाही. ज्याला कलाशाखा, कायदा, संशोधन, शेती, संगीत किंवा घरचा धंदा अशी वाट दिसते त्याला पूर्ण बारा वर्षे घरी काढणे जमेल. ज्याला सरकारी अभियांत्रिकीची जागा हवी आहे त्याने पाच वर्षांचे गृहशिक्षण ठरवावे आणि तेच उत्तम करावे. पाच वर्षांचे आणि बारा वर्षांचे गृहशिक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांना लागणाऱ्या पद्धतीही वेगळ्या आहेत. पद्धत आधी निवडणारा माणूस हा फरक पाहूच शकत नाही.

५. भाषेचे देणे

दाराइतकाच, किंबहुना जास्त, विचार भाषेचा करायला हवा. हिंडलग्यात भाषेवर बोलायचे तर जपून बोलावे लागते. १९८६ सालच्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात गोळीबार झाला, माणसे गेली, आणि त्यांचे स्मारक याच गावात आहे. दर १ जूनला तिथे लोक जमतात. शाळा कोणत्या भाषेत असावी या प्रश्नासाठी ज्या गावाने जीव दिले आहेत, त्या गावात ‘शाळाच नको’ म्हणणे ही साधी गोष्ट नव्हे. त्या म्हणण्याचे भाषेच्या दृष्टीने काय होते, हे नीट तपासायला हवे.

गृहशिक्षणाकडे वळणाऱ्या मराठी घराला एक गोड आशा असते: इंग्रजी शाळेच्या तावडीतून मूल सुटेल आणि मराठी टिकेल. ही आशा अर्धीच खरी आहे. घरी बोलली जाणारी मराठी ही स्वयंपाकघरातली, अंगणातली मराठी असते. ती गोड असते, पण अपूर्णांक, गुरुत्वाकर्षण आणि ग्रामपंचायतीचा कारभार तिच्यात आपोआप उतरत नाही. त्यासाठी मराठीत वाचावे लागते, लिहावे लागते, वाद घालावा लागतो. बेळगावात सार्वजनिक वाचनालयासारखी जुनी संस्था आहे, गावोगाव वाचनालये आणि साहित्य संमेलने आहेत. त्यांच्या आधारावर हे होईल. पण ते ठरवून करावे लागेल. अभ्यासाचे साहित्य बाहेरून मागवले की ते इंग्रजीत येते, व्हिडिओ इंग्रजीत, आणि सहा महिन्यांत मराठी फक्त ‘जेवायला ये’ म्हणण्यापुरती उरते. मराठी वाचवायला शाळा सोडलेल्या घराने इंग्रजी शाळेपेक्षा पक्के इंग्रजी घर उभे केलेले असते.

आणि कन्नड? इथे मी माझ्याच लोकांना न रुचणारे बोलणार आहे. २०१५च्या कायद्याने कर्नाटकातल्या सर्व शाळांत कन्नड शिकणे टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले. त्या सक्तीबद्दल आपली मते काहीही असोत, तिच्यामुळे मराठी शाळेतल्या मुलाला निदान लिपी ओळखता येते. बसची पाटी, हेस्कॉमचे विजेचे बिल, जमिनीचा उतारा, पोलीस ठाण्यातला जबाब, सगळे कन्नडमध्ये. घरी शिकणारे मूल या सक्तीच्या कक्षेबाहेर पडते, आणि आईबापांना त्यात विजय वाटतो. पण १९८६चे भांडण सक्तीशी होते. भाषेशी नव्हते. जो मुलगा विसाव्या वर्षी स्वतःच्या शेताचा उतारा दुसऱ्याकडून वाचून घेतो, तो सक्तीतून सुटलेला नाही; त्याने दलालाची सक्ती पत्करली आहे.

शेजारची भाषा घेतल्याने आपली जाते, या भीतीला इतिहास साथ देत नाही. धारवाडचे द. रा. बेंद्रे घरी मराठी बोलत आणि कन्नडचे श्रेष्ठ कवी झाले. १९७३चे ज्ञानपीठ त्यांना मिळाले, आणि मराठीतही ते लिहीत राहिले. हिंडलग्याहून जवळच असलेल्या बेळगुंदीशी ज्यांचे बालपण जोडलेले आहे ते काका कालेलकर गुजरातीत असे रुळले की गांधीजी त्यांना ‘सवाई गुजराती’ म्हणत, आणि १९६५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांना गुजराती लेखनासाठी मिळाला. वडिलांच्या नोकरीपायी त्यांचे शालेय शिक्षण गावोगाव तुटक झाले होते, ही आणखी एक विचार करण्यासारखी गोष्ट. मात्र गुजराती त्यांना माणसांतून मिळाली. चार भिंतींत बसून ती मिळाली नसती.

मुद्दा इथेच आहे. मातृभाषा घर देऊ शकते. इंग्रजी पुस्तकातून आणि यंत्रातून बरीचशी घेता येते. शेजारची भाषा फक्त शेजारी देऊ शकतो. शाळा हे काम मधल्या सुट्टीत, भांडणात, डब्याच्या देवाणघेवाणीत नकळत करून टाकते आणि त्याचे बिल लावत नाही. गृहशिक्षणात हे एकमेव काम असे आहे की ज्यासाठी कोणतीही विकत मिळणारी पद्धत उपयोगाची नाही. त्यासाठी नावानिशी माणसे शोधावी लागतात: कन्नड बोलणारी गल्लीतली पोरे, वडगावच्या मागावरचा विणकर, निवृत्त कन्नड मास्तर. आणि हे दहाव्या वर्षाच्या आत व्हावे. पुढे लाज आड येते.

६. आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप नेहमीचा: घरी शिकलेले मूल एकलकोंडे होईल. यावर मी वेळ घालवणार नाही. ज्या गावात वाड्याला वाडा लागून आहे, जिथे गणपती दीड दिवसाचा असो की अकरा दिवसांचा, मुले मंडपातच झोपतात, तिथे मूल एकटे पाडायला मुद्दाम कष्ट घ्यावे लागतील.

दुसरा आक्षेप गंभीर आहे. हे सगळे खात्यापित्या घरांचे चोचले आहेत, आणि त्यांना सूट दिली तर तीच पळवाट गरिबांच्या मुलांवर उलटेल. निपाणीकडे पाहा, असे हा आक्षेप घेणारा म्हणेल. तंबाखू आणि विडीवर जगणाऱ्या त्या गावात घरोघर बायका विड्या वळत आल्या, आणि ‘मुलगी घरीच असते’ या वाक्याचा तिथे वर्षानुवर्षे एकच अर्थ होता. घर ही सर्वांसाठी सारखी जागा नाही. काही मुलांसाठी शाळा हीच घरातल्या कामापासून सुटका असते. २०१६ साली बालमजुरीचा कायदा बदलला तेव्हा मुलाने शाळेच्या वेळेनंतर आणि सुट्टीत कुटुंबाच्या कामात, ते धोकादायक नसेल तर, मदत करायला मुभा मिळाली. ज्या मुलाला शाळाच नाही त्याची शाळेची वेळ कुठली? हा आक्षेप मला पुरता मान्य आहे, आणि म्हणूनच गृहशिक्षणाला सरसकट मोकळीक मिळावी असे मी म्हणत नाही. घरी शिकवणाऱ्याने वर्षातून एकदा मुलाला कोणा त्रयस्थापुढे बसवावे, वाचून दाखवायला लावावे, गणित करायला लावावे. जो बाप याला ‘सरकारी ढवळाढवळ’ म्हणून नाकारतो त्याने निपाणीच्या त्या मुलीचा विचार करावा. त्याची सूट तिच्या नावावर खर्ची पडते.

तिसरा आक्षेप कोणी घेत नाही, म्हणून मीच घेतो. ‘आम्ही घरी शिकवतो’ या वाक्यातला ‘आम्ही’ बहुतेक वेळा एकटी आई असते. नवरा पद्धतीवर बोलतो, बायको ती राबवते. बारा वर्षांच्या कराराची किंमत ती आपल्या नोकरीने, प्रकृतीने आणि पुढे पेन्शन नसण्याने मोजते. वर्षांचा हिशेब मांडताना मुलाच्या वयाशेजारी आईचेही वय लिहिले पाहिजे. मूल अठराचे होईल तेव्हा ती किती वर्षांची असेल, आणि तेव्हा तिच्या हातात काय असेल? या रकान्यात काही लिहिता आले नाही, तर गृहशिक्षण तिथेच सोडून द्यावे. मुलाच्या स्वातंत्र्यासाठी आईला बांधून घालणारी योजना मला पुरोगामी वाटत नाही.

चौथा आक्षेप मोकळे सोडणाऱ्यांचा: इतके मागून पुढे मोजत बसलात तर मुलाचे कुतूहल मेले, शाळेने तेच केले होते. हे म्हणणे मला आवडते, पण त्यात एक गल्लत आहे. बेत आईबापांसाठी असतो, मुलासाठी नाही. आठ वर्षांच्या मुलीला पात्रतेच्या कलमाबद्दल एक अक्षरही कळायचे कारण नाही. तिने राकसकोप तलावाच्या पाण्यावरचे पक्षी मोजावेत. दार कुठे आहे हे आईबापांना ठाऊक असले की तिला निर्धास्तपणे पक्षी मोजू देता येतात. ज्यांना ते ठाऊक नसते तेच घाबरून दहाव्या वर्षी घरात शिकवणीचा वर्ग उभा करतात.

७. मग पद्धत

एवढे झाल्यावर पद्धतीवर बोलायला हरकत नाही, आणि आता ते थोडक्यात होते. सातव्या वर्षापर्यंत ताराबाई: हात, माती, बिया, गाणी, आणि निदान चार-पाच मुले एकत्र. गल्लीतली अंगणवाडी चांगली चालत असेल तर मुलाला तिथेच पाठवावे, त्यात कमीपणा नाही. सात ते अकरा या वयाला मेसनबाईंचा एक धडा बावनकशी आहे: थोडे वाचायचे, पुस्तक मिटायचे आणि आपल्या शब्दांत सांगायचे. हे सांगणे मराठीत व्हावे, मग वाचलेले कोणत्याही भाषेतले असो. घरची मराठी अभ्यासाची मराठी होते ती याच वाटेने. याच वर्षांत कन्नड बोलायला आणि अक्षरे वाचायला यावीत.

अकराव्या वर्षी फाटा येतो. पाच वर्षांचा बेत असेल तर मूल शाळेत जाते, आणि ते कोणत्या माध्यमाच्या शाळेत जाईल हे आधीच ठरलेले असते. बारा वर्षांचा बेत असेल तर इथून पुढे एकट्या घराने भागत नाही. गांधीजींच्या नयी तालीममध्ये १९३७ पासून जे सांगितले गेले ते इथे कामाचे आहे: एखादे खरे काम, खऱ्या कारागिराच्या हाताखाली, आणि त्या कामाभोवती गणित, विज्ञान, हिशेब. बेळगाव हे ओतशाळांचे, लेथचे, मागांचे आणि दुधाचे गाव आहे. अशा हातांची इथे वाण नाही. चौदाव्या वर्षी एनआयओएसची नोंदणी, आणि पुढची दोन वर्षे सरळ परीक्षेचा अभ्यास, कुरकुर न करता. शाळा सोडलेल्या मुंबईच्या एका मुलीला २०१६ साली अमेरिकेतल्या एमआयटीने घेतले, तिच्या ऑलिंपियाडच्या पदकांवर. बारावीचा कागद नाही म्हणून आयआयटीचे दार तिला बंद होते. वृत्तपत्रांनी तिचे कौतुक केले ते योग्यच होते. पण आंतरराष्ट्रीय पदके हा कोणाच्या घरचा बेत होऊ शकत नाही. नोंदणीची तारीख होऊ शकते.

म्हणून पेटीबंद अभ्यासक्रम मागवण्याआधी एक कोरा कागद घ्या. सहा ते अठरा अशी वर्षे एकाखाली एक लिहा, शेजारी आईचे वय लिहा, मग त्यात शाळेची वर्षे भरा. शेवटी मूल नऊ वर्षांचे होईल त्या ओळीपुढे, त्याला कन्नड बोलायला लावणार कोण, त्या माणसाचे नाव लिहा. नाव सुचत नसेल तर पेटी मागवू नका. आधी शेजाऱ्याचे दार वाजवा.